सहा बाय दोनच्या टेबलावरचा संसार

दिवाळीच्या प्रदर्शनांचे फॉर्म फिरायला लागले की आमच्या हस्तकलावाल्या बायकांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "डिस्प्ले स्टँड स्वस्तात कुठे मिळतात गं?" मग कोणी ॲक्रिलिक स्टँडची लिंक टाकतं, कोणी बोहरी आळीतल्या दुकानाचा पत्ता देतं, आणि जिचा पहिलाच स्टॉल असतो ती माल विकायच्या आधीच अडीच-तीन हजार रुपये मांडणीत घालून बसते. खणाच्या कानातल्यांच्या एका जोडामागे खर्च वजा जाता साठ-सत्तर रुपये सुटतात. म्हणजे चाळीसेक जोड जाईपर्यंत ती नुसते स्टँडचेच पैसे फेडणार. स्टॉलचं भाडं, रिक्षा आणि दुपारचा वडापाव वेगळाच.

मी पुण्यात राहते, खणाचे दागिने, बटवे आणि पाउच करते. माझी जाऊ क्रोशाची तोरणं आणि रुमाल करते. दोघी मिळून एक स्टॉल घेतो, भाडं निम्मं-निम्मं. आमच्या स्टॉलवर दुकानातून आणलेला डिस्प्ले स्टँड एकही नाही. तरी लोक थांबतात, फोटो काढतात आणि कधीकधी चक्क मांडणीतलीच वस्तू मागतात. एका काकूंनी आमची कानातली टांगायची गव्हाची चाळण विकत मागितली होती. जाऊबाई देणारही होत्या, मीच त्यांचा हात धरला.

आधी पिंटरेस्टबद्दल थोडं बोलते. तिथले फोटो सुंदर असतात, मीही तासन् तास बघते. पण ती मांडणी करणाऱ्यांकडे मोठी गाडी असते, गाडी थेट मैदानापर्यंत जाते आणि मांडायला आख्खी सकाळ हाताशी असते. आमच्याकडे एक स्कूटर आणि एक रिक्षा. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट असली तर ती केटररच्या भांड्यांत गुंतलेली. नऊला दार उघडणार, दहाला उद्घाटनाचे पाहुणे येणार. या एका तासात जे उभं राहत नाही ते आमच्या कामाचं नाही, मग ते कितीही देखणं असो.

खरे गुरू मला जत्रेत भेटले. जत्रेतला भिरभिरीवाला बघा. एका बांबूला वरच्या टोकाला पेंढा गच्च बांधलेला असतो आणि त्यात भिरभिरी खोचलेली. दुकान खांद्यावर, भाडं शून्य, आणि गर्दीच्या डोक्यांवरून माल लांबूनच दिसतो. पंढरपुरात कुंकू-बुक्क्याची दुकानं बघा. तेच कुंकू ताटात पसरून ठेवलं तर कोणी ढुंकून बघणार नाही, पण त्याचे उभे टोकदार ढीग रचले की रस्त्याच्या त्या टोकावरून नजर खेचली जाते. एक रुपयाही जास्त न घालता केलेली मांडणी आहे ही. सावंतवाडीची लाकडी फळं आपण टोपलीत रचलेलीच पाहतो. आंबा, सीताफळ, केळी खऱ्या फळांसारखी टोपलीत बसली की ती घरात कुठे ठेवायची हे गिऱ्हाइकाला सांगावं लागत नाही.

आणि घरातल्या गुरू म्हणजे माझ्या आत्या. चैत्रगौरीची आरास करण्यात त्यांचा हात धरणारं आमच्या नात्यात कोणी नव्हतं. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसली की अक्षय तृतीयेपर्यंत महिनाभर घरात असायची, आणि त्यात एक दिवस हळदीकुंकवाचा. त्या दिवशी भिंतीलगत पायऱ्या उभ्या राहायच्या. खालच्या पायरीला पाट, त्यामागे पालथे घातलेले लाडवाचे डबे आणि त्यावर फळी, त्याही मागे ट्रंक. या सगळ्यावर एक जुना शालू असा चापूनचोपून घालायच्या की खाली डबे आहेत हे कोणाच्या बापाला कळू नये. वर झोपाळ्यात गौर, मग खेळणी, मग कापलेलं कलिंगड आणि करंज्या-लाडू, सगळ्यात पुढे पन्ह्याची भांडी आणि कैरीची डाळ. मडक्यावर अळीव पेरून आठवडाभरात हिरवंगार रान उगवलेलं असायचं. विकत आणलेली वस्तू त्यात शोधून सापडली नसती.

स्टॉल म्हणजे तीच आरास, फक्त देवीच्या जागी बटवा आणि हळदीकुंकवाच्या जागी क्यूआर कोड. पायऱ्या का लागतात हे आत्यांनी कधी सांगितलं नाही, पण हिशेब सोपा आहे. आयोजक देतात ते टेबल साधारण ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट उंच असतं. पाच फूट उंचीच्या बाईचे डोळे पावणेपाच फुटांवर. टेबलावर आडवा ठेवलेला कानातला जोड तिच्या डोळ्यांपासून सव्वादोन फूट खाली राहतो, शिवाय ती टेबलापासून हातभर लांब उभी असते. एवढ्या अंतरावरून खणाची वीण दिसत नाही, नुसता रंगीत ठिपका दिसतो. त्यामुळे टेबलाच्या मागच्या कडेला दीड फूट चढ हवाच, मधे पाऊण फुटाची पायरी, आणि पुढची कड सपाट. महाग आणि बारीक कामाचा माल वर. पाउचसारखा हाताळून बघायचा माल पुढे. मागच्या पायरीच्याही वर फक्त तोरणं, कारण ती दारात वरच लावायची असतात आणि लोक मान वर करूनच ती बघतात.

या पायऱ्यांसाठी आम्ही आंब्याच्या पेट्या वापरतो. मे महिन्याच्या शेवटी फळवाल्यांकडे हापूसच्या रिकाम्या लाकडी पेट्यांचा ढीग पडलेला असतो. ओळखीचा फळवाला चाळीस-पन्नास रुपयांत देतो, जास्त उचलल्या तर आणखी कमी करतो. घेताना पेटी हलवून बघायची. खिळखिळी असली तर नको. घरी आणून आधी दोन दिवस उन्हात टाकायची, म्हणजे आंबूस वास जातो आणि मुंग्या पांगतात. बाहेर आलेले खिळे हातोडीने आत ठोकायचे किंवा पकडीने वळवायचे. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर आणि नंतर १२०. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर लाकडाच्या कुसळाला क्रोशाचा रुमाल अडकतो आणि टाका ओढला जातो. रंग आम्ही लावत नाही. कच्च्या लाकडाचा फिका पिवळट रंग खणाच्या जांभळ्या-हिरव्या रंगांना जितका शोभतो तितका पांढरा ऑइलपेंट शोभत नाही, असं माझं मत. जाऊबाईंना पांढराच आवडतो.

आडवी ठेवली की पेटी एक पायरी होते, उभी ठेवली की दोन पायऱ्यांची उंची मिळते, आणि कुशीवर वळवून तोंड गिऱ्हाइकाकडे केलं की कपाट. आतल्या पोकळीत बटवे उभे राहतात. याचा खरा फायदा रिक्षात कळतो. माल या पेट्यांमध्येच भरून न्यायचा, तिथे माल काढला की पेटी हीच मांडणी. खोके वेगळे, स्टँड वेगळे असला प्रकार नाही आणि रिकामे खोके कुठे लपवायचे हाही प्रश्न नाही. ज्यांना इतकं लाकूड नको त्यांनी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायवुडचे उरलेले तुकडे विचारावेत. पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची असते, फर्निचर कापून झाल्यावर उरलेल्या पट्ट्या वजनावर किंवा अंदाजाने देतात. दोन सारख्या पालथ्या डब्यांवर एक पट्टी ठेवली की झाली पायरी.

पेटीतला पेंढाही फेकू नका. हापूस भाताच्या पेंढ्यात रचलेला येतो. तो पेंढा कडकडीत वाळवून, मांजरपाटात घट्ट गुंडाळून, दोन्ही टोकांना सुतळी बांधली की एक लोड तयार होतो. जाडी मनगटाएवढी पुरे. त्यात ब्रोच, केसांच्या पिना, अंबाड्याच्या काट्या खोचता येतात, आणि वरून चपटा होत नाही कारण पेंढा दाबला तरी परत फुगतो. भिरभिरीवाल्याचीच कल्पना, फक्त आडवी केलेली. लोडाच्या दोन्ही बाजूंना वाटी किंवा वीट लावा, नाहीतर गोल वस्तू घरंगळणारच.

टेबलावरच्या कापडाची गंमत वेगळी. मंडपवाले टेबलाला जी सॅटिनची झालर लावून देतात ती बहुतेक वेळा भडक गुलाबी किंवा तपकिरी असते आणि तिच्यावर मागच्या लग्नातली आमटी असते. ती झाकणं हे पहिलं काम. एक जुनी सुती नऊवारी यासाठी पुरून उरते. हिशेब करून दाखवते. समोरची बाजू ६ फूट आणि दोन कडा २-२ फूट, म्हणजे १० फूट. चुण्या नीट पडाव्यात म्हणून दीडपट धरा, १५ फूट झाले. टेबलावर घालायला सात फूट. एकूण २२. नऊ वार म्हणजे २७ फूट, तेव्हा पाच फूट उरलेच, ते पेट्यांवर घालायला. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो आणि झालर तीस इंचांचीच हवी, म्हणून वरचे पंधरा इंच आत दुमडून टेबलावर घ्यायचे आणि काठ खाली जमिनीकडे ठेवायचा. टेबलाच्या कडेला चिमटे लावायचे, वरून दुसरा तुकडा घालायचा, चिमटे दिसत नाहीत. साडी कापायची गरज नाही, दुमडत दुमडत फिरवता येते, पण कापली तर हात लवकर चालतो. आजीची साडी असेल तर कापू नका, घरात वाद होतो.

साडी कोणती घ्यायची यावर मात्र माझं ठाम म्हणणं आहे. बुट्ट्या, मोठे चेक्स, भरजरी पदर असलं काही नको. खणावर आधीच बारीक नक्षी असते, तिच्याखाली पुन्हा नक्षी आली की माल गायब होतो. एकरंगी, फिकी, थोडी विटलेली साडी उत्तम. ती नसेल तर मांजरपाट आणा. आधी धुऊन घ्या, कारण ते आटतं, आणि फारच पांढरट वाटलं तर उकळलेल्या चहाच्या पाण्यात बुडवून काढा, मस्त बदामी रंग येतो. गोणपाट मात्र टाळा. फोटोत छान दिसतं हे खरं, पण त्याचे धागे गळतात आणि क्रोशात जाऊन बसतात, ते काढता काढता डोळे जातात. प्लास्टिकचं हिरवं गवत आणि त्यावर बॅटरीच्या लुकलुकणाऱ्या माळा याबद्दल मी काही बोलत नाही. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी वापराव्यात, मी शेजारच्या स्टॉलवर बघून घेईन.

कानातल्यांसाठी मात्र डोकं लढवावं लागतं, कारण माल बारीक, संख्या जास्त, आणि प्रत्येक बाईला जोड कानाजवळ धरून बघायचा असतो. कानातलं टेबलावरून उचलताना हूक कापडात अडकतो, म्हणून ती टांगलेलीच हवीत. गव्हाची जुनी चाळण, जिची लोखंडी जाळी थोडी मोठ्या भोकांची असते, ती उभी करून मागे पुठ्ठा टेकवला की जाळीत हूक अडकवता येतात. चाळणीच्या गोल कडेमुळे ती पेटीच्या तोंडाशी छान टेकते. पिठाची चाळण नको, तिची भोकं फार बारीक. दुसरा उपाय म्हणजे जुनी फोटोफ्रेम. आमच्या सोसायटीत कोणी घर रंगवायला काढलं की खाली कचऱ्याजवळ दोन-तीन फ्रेमा निघतातच. काच काढून टाकायची, खिडकीला डासांसाठी लावतात त्या जाळीचा तुकडा मागून ताणून छोट्या चुकांनी ठोकायचा. ज्यांना जुन्या वस्तू धुंडाळायची हौस आहे त्यांनी बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी. झडपांच्या खिडकीची एक फळी मिळाली तर सोनं समजा, कारण तिच्या प्रत्येक पट्टीत कार्ड खोचता येतात. भाव मात्र कितीला देणार असं विचारून सुरू करू नका. आधी दुसरीच वस्तू हातात घ्या.

बांगड्या आणि कड्यांसाठी लक्ष्मी रोडवरच्या कापड दुकानांतून थानाच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागून आणतो. दुकान बंद होताना गेलं की फुकट देतात. फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून, नळीवर खणाचा उरलेला तुकडा चिकटवायचा, आणि दोन पेट्यांच्या मधे आडवी टाकायची. नेकलेससाठी गळ्याच्या आकाराचे पुठ्ठे कापतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: खोक्याच्या पुठ्ठ्याच्या आत बारीक नळ्या असतात, त्या उभ्या राहतील असा आकार कापायचा. आडव्या आल्या तर दुपारपर्यंत मान वाकते आणि नेकलेस मांडीवर येतो. २०१८ च्या बंदीच्या आधी हे सगळं थर्माकोलचं करायचे, मखराचे उरलेले तुकडे घरोघरी असायचे. मला पुठ्ठाच बरा वाटतो, थर्माकोलचे दाणे खणाला जे चिकटतात ते झटकून जात नाहीत.

कार्डांसाठी लग्नपत्रिका. पुण्यात कोणाच्याही घरी त्यांचा गठ्ठा असतो आणि टाकायला जीव होत नाही. जाड, हस्तिदंती रंगाचा कागद, मागची बाजू कोरी. दोन बाय तीन इंचांची कार्ड कापायची, एका भोकाच्या पंचने दोन भोकं पाडायची. गणपती छापलेला भाग आणि नवरा-नवरीची नावं असलेला भाग मी कापून वेगळा काढते, तो कानातल्यांच्या मागे जाऊ देत नाही. गिऱ्हाइकाला कार्ड उलटून बघायची सवय असते, आणि तिथे "चि. सौ. कां." वाचायला मिळालं तर खरेदी राहते बाजूला आणि कोणाकडचं लग्न यावर चर्चा सुरू होते.

त्याच कार्डावर किंमत. प्रत्येक वस्तूवर, अपवाद नाही. बऱ्याच जणी म्हणतात की किंमत लिहिली नाही म्हणजे बाई विचारते आणि बोलणं सुरू होतं. माझा अनुभव उलटा आहे. विचारायला संकोचणारी बाई "नुसतं बघतेय हं" म्हणत पुढे सरकते, आणि विचारणारी आधीच घासाघीस करायच्या तयारीत असते. एकाच किमतीचा माल एका चाळणीवर लावला तर एकच मोठी पाटी पुरते, "यातलं कुठलंही १५०". तिथे बायका मनसोक्त निवडत बसतात.

उजेड हा विषय स्वस्तातला नाही असं वाटतं, पण आहे. हॉलच्या छताला बहुतेक पांढऱ्या नळ्या असतात, आणि त्यांच्याखाली खण मेल्यासारखा दिसतो. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची चमक वरून सरळ पडणाऱ्या उजेडात खुलत नाही, बाजूने तिरपा उजेड पडला की खुलते. म्हणून मुलीचा अभ्यासाचा क्लिपवाला दिवा मी टेबलाच्या एका टोकाला, पेटीच्या कडेला अडकवते. त्यात ९ वॉटचा एलईडी. बल्बच्या डब्यावर ३००० के लिहिलेलं असेल तर तो पिवळसर, ६५०० के म्हणजे निळसर पांढरा. ३००० के ने लाल-मोरपंखी रंग ऊबदार दिसतात पण जांभळा तपकिरीकडे झुकतो, मग गिऱ्हाईक घरी गेल्यावर "रंग वेगळाच निघाला" असा मेसेज येतो. मधला, ४००० के चा, मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. तरीही चोखंदळ बायका बटवा घेऊन दारापर्यंत उन्हात जातात. जाऊ द्यावं, परत येतात. एक्स्टेंशन बोर्ड आपलाच न्या, लांब वायरचा. आयोजक एक प्लग पॉइंट देतात आणि तो नेहमी शेजारच्या स्टॉलच्या टेबलाखाली असतो. दिव्याला कापड टेकू देऊ नका.

मागची भिंत असेल तर ती वाया घालवू नका. मोठ्या प्रदर्शनात जे पांढरे पॅनेल असतात, साधारण एक मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच, त्यांना खिळा मारायला आणि टेप चिकटवायला बंदी असते. वरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला हार्डवेअरच्या दुकानातले एस हूक अडकवायचे, त्यांतून नायलॉनची दोरी सोडायची, दोरीला बांबू आडवा बांधायचा. बांबूवर तोरणं. बांबू बुरुड आळीतून सहा फुटांचा कापून घेतला होता, तो अजून चालतोय, फक्त पावसाळ्यात बाहेर गॅलरीत ठेवू नका, भुंगा लागतो. भिंत नसेल तर घरातला कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड न्या. स्टीलचा आहे, चाकं आहेत, आणि त्यावर बटवे व झोळ्या टांगल्या की कोणालाही वाटत नाही की काल यावर चादरी होत्या.

उघड्या मैदानावरचं प्रदर्शन हा वेगळाच सामना. भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी डिसेंबरची हवा छान असते, पण वारा आणि धूळ दोन्ही असतात. हलकी मांडणी उडते. आम्ही पाण्याचे पाच लिटरचे कॅन न्यायला लागलो. भरलेला कॅन म्हणजे पाच किलो वजन. मागच्या पेट्यांमध्ये एकेक ठेवला की पेटी जागची हलत नाही, आणि संध्याकाळी रिकामा करून हलका घरी. प्यायलाही उपयोगी. माल झाकायला एक जुनी सुती चादर हाताशी ठेवा, प्लास्टिक नको, ते फडफडून अर्धा माल खाली पाडतं. एकदा शेजारच्या ताईंचा तीन मजली काचेचा स्टँड वाऱ्याने टेबलासकट आडवा झाला. त्या दिवसापासून त्याही पेट्यावाल्या झाल्या आहेत. पेट्या कुठून घेतल्या ते मीच सांगितलं.

शोभेसाठी मी काही विकत घेत नाही, पण आत्यांचं अळीव मात्र करते. मातीच्या पणतीत थोडी माती किंवा ओला कापूस, वर भिजवलेला अळीव. प्रदर्शनाच्या पाच-सहा दिवस आधी पेरलं की बरोबर बोटभर वाढतं. दोन पणत्या पुरतात. कामाच्या वस्तूही मांडणीतच बसवायच्या. बटव्यात खरा रुमाल आणि सुपारीची डबी घालून तो फुगवायचा, पाउचमध्ये चष्मा, मोबाइलच्या झोळीत जुना बंद पडलेला मोबाइल. रिकामा पाउच चपटा पडलेला असतो, त्यात काय मावेल हे सांगत बसायचे श्रम वाचतात. क्यूआर कोड जुन्या फ्रेममध्ये घालून टेबलाच्या अगदी टोकाला ठेवा. मधोमध ठेवला की पैसे देणारी एक बाई उरलेल्या चौघींना माल बघू देत नाही.

घरी एकदा तालीम नक्की करा. जेवणाच्या टेबलावर किंवा जमिनीवर खडूने सहा बाय दोनची चौकट आखून तेवढ्यातच मांडायचं. सगळा माल मावत नाही, हे हॉलमध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. एक तृतीयांश माल पेट्यांमागे राहू दे, विकला जाईल तशी भर घालायची. खचाखच भरलेलं टेबल बघून बायका गोंधळतात, आणि अर्धं रिकामं टेबल बघून "संपत आलं वाटतं" म्हणून थांबतात, म्हणून मधलं काहीतरी साधायचं. जमलं की मोबाइलवर फोटो काढायचा, पेट्यांवर खडूने नंबर घालायचे. सकाळी हॉलमध्ये जाऊबाई नंबर वाचतात, मी मांडते. पंचवीस मिनिटांत होतं, चहा गरम असतानाच.

आणि एक पिशवी कायमची भरून दारामागे टांगून ठेवा: सुतळी, कपड्यांचे चिमटे, बाइंडर क्लिपा, एस हूक, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सुई-दोरा, खडू, मार्कर, कोरी कार्डं, कात्री. प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशने आपली खूण करा. शेजारच्या स्टॉलवाल्या मागून नेतात, आणि संध्याकाळी आवराआवरीच्या गडबडीत सगळ्यांच्या कात्र्यांच्या मुठी केशरीच असतात.